अ‍ॅटलास पर्वतावरील देवदारांचे अरण्य

(इयत्ता सातवीच्या भूगोल व सामान्य विज्ञान या विषयांस पूरक)

भूमध्य सागरी हवामानाचा पाठ शिकविताना फळ्यावर बहुधा तीनच नावे लिहिली जातात : ऑलिव्ह, द्राक्षे आणि संत्री. उन्हाळा कोरडा, हिवाळा सौम्य व पावसाळी, एवढे एक वाक्य त्यांच्याखाली येते आणि पाठ संपतो. यात खोटे काही नाही; पण हे वर्णन समुद्रकाठचे आहे. याच हवामानाच्या प्रदेशात, किनाऱ्यापासून आत, मोरोक्को देशात इफ्रान नावाचे एक गाव आहे. तेथे ११ फेब्रुवारी १९३५ रोजी तापमान शून्याखाली २३.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. संपूर्ण आफ्रिका खंडात नोंदले गेलेले हे सर्वांत कमी तापमान होय. आफ्रिका म्हटली की वाळवंट, हत्ती आणि असह्य उकाडा यांपलीकडे ज्यांची कल्पना जात नाही, अशा विद्यार्थ्यांना हा एक आकडा सांगितला तरी वर्ग सावध होतो. आणि मग बर्फात उभ्या असलेल्या देवदारांची व त्यांवर राहणाऱ्या माकडांची हकीकत सांगावयास मार्ग मोकळा होतो.

प्रथम नकाशा पाहावा. आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात पर्वतांच्या रांगा पश्चिमेकडून ईशान्येकडे गेलेल्या दिसतील. अगदी उत्तरेस, भूमध्य समुद्राला लागून रिफ पर्वत आहे. त्याच्या दक्षिणेस मध्य अ‍ॅटलास, त्याच्याही दक्षिणेस उंच अ‍ॅटलास आणि शेवटी सहाराच्या सीमेवर प्रति-अ‍ॅटलास. उंच अ‍ॅटलासमधील तुबकाल हे शिखर ४,१६७ मीटर उंच असून ते उत्तर आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर आहे. मध्य अ‍ॅटलास त्या मानाने ठेंगणा. पण अरण्य आहे ते मुख्यतः येथेच. फेझ या प्राचीन शहराच्या दक्षिणेस चढण चढत गेले की इफ्रान आणि अझ्रू ही दोन गावे लागतात. इफ्रान म्हणजे गुहा आणि अझ्रू म्हणजे खडक. ही नावे तेथील अमाझिघ लोकांच्या भाषेतील आहेत. या लोकांना बाहेरच्यांनी ‘बर्बर’ असे नाव दिले; ते स्वतःला अमाझिघ म्हणवितात आणि शिक्षकांनीही वर्गात तेच नाव वापरणे उचित होईल.

ऋतूंच्या बाबतीत विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो, आणि तो स्वाभाविक आहे. ज्या मुलाने पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर एवढेच अनुभवले आहे, त्याला जून ते सप्टेंबर हेच महिने कोरडे ठणठणीत असणारा मुलूख डोळ्यांपुढे आणणे कठीण जाते. कारण मात्र सोपे आहे. उन्हाळ्यात उपोष्ण कटिबंधातील जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून या प्रदेशावर बसतो. हवा खाली उतरत राहते आणि ढग बनत नाहीत. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेकडे सरकला की अटलांटिक महासागरावरील पश्चिमी वाऱ्यांना वाट मिळते व ते पाऊस घेऊन येतात. उंचावर तोच पाऊस हिमरूपाने पडतो. म्हणजे तेथील वनस्पतींची अडचण दुहेरी आहे. पाणी असते तेव्हा थंडी असते, आणि ऊब असते तेव्हा पाणी नसते. या प्रदेशातील प्रत्येक झाडाची व प्राण्याची रीत या एका वाक्यातून उलगडत नेता येते.

पडलेले पाणी जाते कोठे, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. मध्य अ‍ॅटलासचा बराच भाग चुनखडकाचा आहे. चुनखडकाच्या भेगांतून व पोकळ्यांतून पाणी खाली उतरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. सेबू, उम्म एर-रबिया आणि मुलूया या मोरोक्कोतील तीन मोठ्या नद्यांचे पाणी याच पर्वतातून येते. पहिल्या दोन अटलांटिकला मिळतात, तिसरी भूमध्य समुद्राला. देशाची मैदानी शेती मोठ्या प्रमाणावर या पाण्यावर उभी आहे. अझ्रू व इफ्रानच्या परिसरात चुनखडकावर जागोजागी ज्वालामुखीचा काळा बेसॉल्टही पसरलेला आहे. सह्याद्रीचा खडक तो याच जातीचा. मात्र सह्याद्रीच्या मानाने अ‍ॅटलासमधील हे थर अगदी अलीकडचे आहेत.

आता मुख्य झाडाकडे वळावे. हिमालयातील देवदार विद्यार्थ्यांना निदान नावाने माहीत असतो. त्याचे सख्खे भाऊबंद जगात फार थोडे आहेत : एक लेबनॉन व त्याच्या शेजारच्या पर्वतांवर, एक सायप्रस बेटावर आणि एक अ‍ॅटलासमध्ये. इंग्रजीतून ‘सीडर’ म्हणून ओळखली जाणारी झाडे पुष्कळ आहेत, पण त्यांतील बहुतेकांचा या कुळाशी संबंध नाही. लाकडाला सुगंध आहे एवढ्यावरून त्यांना ते नाव मिळाले आहे. खरे सीडर हेच चार, आणि त्यांतही सायप्रसच्या झाडाला काही शास्त्रज्ञ लेबनॉनच्या झाडाचाच एक प्रकार मानतात. हिमालय आणि अ‍ॅटलास यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर असताना एकाच घराण्यातील झाडे दोन्हीकडे कशी, याचे उत्तर हवामानात काही अंशी सापडते. पश्चिम हिमालयात हिवाळ्यात जो हिमवर्षाव होतो तो मोसमी वाऱ्यांचा नव्हे. तो पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी आवर्तांमुळे होतो आणि त्या आवर्तांपैकी पुष्कळांचा उगम भूमध्य समुद्राच्या बाजूलाच असतो. आकाशातून जाणाऱ्या या वाटेने दोन्ही देवदार आजही एकमेकांशी जोडलेले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

अ‍ॅटलासचा देवदार साधारणपणे १,३०० ते २,५०० मीटर उंचीच्या पट्ट्यात वाढतो. झाड चाळीस मीटरपर्यंत उंच होते. तरुणपणी त्याचा आकार शंकूसारखा असतो. वय झाल्यावर शेंडा सपाट होतो आणि फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरतात. पाने म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या सुया, आणि त्या आखूड डहाळ्यांवर झुबक्यांनी येतात. हिमालयीन देवदाराच्या सुया याहून लांब असतात व त्याच्या फांद्यांची टोके खाली झुकलेली असतात. काही झाडांच्या पानांवर निळसर रुपेरी झाक असते. युरोपातील बागांत लावावयास हाच प्रकार विशेष आवडीने निवडला जातो.

या झाडाच्या फळण्याची कथा सावकाश सांगावी, कारण तीत निरीक्षणाला पुष्कळ वाव आहे. बहुतेक सूचिपर्णी वृक्ष वसंतात परागकण सोडतात. देवदार ते शरद ऋतूत सोडतो. वारा पराग वाहून नेतो. मादी शंकू फांदीवर पिंपासारखे उभे राहतात आणि पिकावयास त्यांना दोन वर्षांच्या आसपास काळ लागतो. चीडाचा शंकू जसा अख्खा खाली पडतो तसा देवदाराचा पडत नाही. तो झाडावरच सुटतो. त्याचे खवले एकेक करून गळतात, पंख असलेले बी वाऱ्यावर भिरभिरत जाते आणि फांदीवर नुसता दांडा उरतो. बी हिवाळाभर बर्फाखाली गारठते व वसंतात रुजते. त्यानंतर त्याची खरी परीक्षा सुरू होते. पहिला कोरडा उन्हाळा येण्यापूर्वी त्या बोटभर रोपाला आपले मूळ ओलाव्यापर्यंत खोल पोहोचवावे लागते. ज्यांना ते साधत नाही, आणि बहुतेकांना ते साधत नाही, ती पहिल्याच वर्षी करपतात. ओकच्या किंवा एखाद्या झुडपाच्या सावलीत पडलेल्या बियांना थोडी अधिक संधी मिळते. शंभर फुटी वृक्षांचे अरण्य अशा योगायोगांवर उभे असते.

लाकूड सुगंधी, टिकाऊ आणि किडीला दाद न देणारे. फेझ शहरातील बू इनानिया ही मद्रसा चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधली गेली. तिच्या अंगणाभोवती देवदाराच्या लाकडावरील जे नाजूक कोरीवकाम आहे ते साडेसहाशेहून अधिक वर्षे टिकून राहिले आहे. फ्रेंचांना या झाडाचे महत्त्व लवकर उमगले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण फ्रान्समधील उजाड डोंगरांवर, माँ व्हाँतू या पर्वतावर व त्याच्या आसपास त्यांनी अ‍ॅटलासच्या देवदाराची लागवड केली आणि ती चांगली रुजली. मूळ घरी मात्र त्याची स्थिती वेगळी आहे. मोरोक्कोत देवदाराखालील क्षेत्र सुमारे १ लाख ३० हजार हेक्टर धरले जाते व त्याचा बहुतांश मध्य अ‍ॅटलासमध्ये आहे. अल्जीरियाच्या पर्वतांवरील वने याहून बरीच लहान व विखुरलेली असून एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या अवर्षणात तेथील बेलेझ्मा पर्वतावर देवदार मोठ्या संख्येने उभेच्या उभे वाळले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या वृक्षाची गणना ‘संकटग्रस्त’ वर्गात केली.

देवदाराच्या सोबतीला ओक असतो. येथील सदाहरित ओकची पाने लहान, चिवट व खालून पांढरट लवेची असतात, म्हणजे पाणी उडून जाऊ न देणारी. त्याची फळे गोडसर असल्याने माणसे, रानडुकरे आणि माकडे या तिघांचाही त्यांवर डोळा असतो. ओलसर जागी पानझडी ओक, मेपल, हॉली व क्वचित यू हे वृक्ष आढळतात. बर्फ वितळल्यावर झाडांखाली गुलाबी रानपिओनी फुलते. पर्वताच्या पायथ्याशी रानऑलिव्ह आणि सुवासिक झुडपे, तर देवदारांच्याही वर जुनिपरची पिळवटलेली झाडे व त्यांच्यापुढे उशीच्या आकाराची काटेरी झुडपे, असा हा क्रम आहे. वारा, ऊन आणि शेळ्या या तिन्ही शत्रूंना तोंड देण्याची या काटेरी उशांची युक्ती चित्र काढून दाखविण्याजोगी आहे.

या अरण्याचा सर्वांत लक्षवेधी रहिवासी म्हणजे तेथील माकड. महाराष्ट्रातील गावोगावी दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाच्याच प्रजातीतील हे आहे. या प्रजातीत वीसहून अधिक जाती आहेत आणि एक सोडून बाकी सर्व आशियात राहतात. ती एक म्हणजे अ‍ॅटलासचे माकड. हिमयुगाच्या मधल्या उबदार काळात ही जात युरोपातही दूरवर पसरलेली होती. इंग्लंड व जर्मनीपर्यंत तिचे जीवाश्म सापडले आहेत. आज रानटी स्थितीत ती केवळ मोरोक्को व अल्जीरियात उरली आहे. जिब्राल्टरच्या खडकावर जी दोनशेंहून अधिक माकडे आहेत, ती माणसाने तेथे नेलेल्यांची संतती होय.

या माकडाला शेपूट नाही. असलीच तर एक खुंटी. अंगावर दाट, पिवळसर करडी केसाळ लोकर असते, आणि ती का असावी हे इफ्रानच्या तापमानावरून विद्यार्थ्यांनीच सांगावे. गालात अन्न साठविण्याच्या पिशव्या मात्र भारतातील माकडाप्रमाणेच आहेत. वसंतात गवत, कोवळी पाने व सुरवंट, शरदात ओकची फळे, पुढे देवदाराचे बी, आणि बर्फाने जमीन झाकली की देवदाराच्या सुयासुद्धा. असे त्याचे वर्षभराचे ताट आहे. रात्री टोळी उंच झाडांवर झोपते. थंडीत माकडे एकमेकांना बिलगून गोळा होऊन बसतात, आणि ही जवळीक केवळ सुखासाठी नसते. २००८-०९ चा हिवाळा मध्य अ‍ॅटलासमध्ये फार लांबला. अभ्यासक ज्या दोन टोळ्यांवर लक्ष ठेवून होते त्यांतील ४७ प्रौढ माकडांपैकी ३० माकडे त्या हिवाळ्यात मरण पावली. हिशेब करता असे दिसून आले की ज्यांचे टोळीतील अधिक जणांशी सलोख्याचे संबंध होते ती माकडे जगण्याचे प्रमाण अधिक होते. खाण्यासाठी ज्याने जास्त वेळ दिला त्यालाही लाभ झाला. बाकी मोठेपणा फारसा कामी आला नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना निश्चित आवडेल. पिले एप्रिल ते जूनच्या सुमारास जन्मतात व आरंभी काळी असतात. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत टोळीतील प्रौढ नर ती उचलून घेऊ लागतात, पाठीवर वाहतात, साफ करतात. आई हे चालवून घेते. एखादा नर पिलू घेऊन दुसऱ्या, बलिष्ठ नराकडे जातो. दोघे मिळून ते पिलू मध्ये धरतात, त्याच्यावर झुकून दात कटकट वाजवितात आणि शांतपणे शेजारी बसतात. पिलू नसते तर याच दोघांत कदाचित झटापट झाली असती. जॉन डीग व जॉन क्रुक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७१ साली या वर्तनाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे इतरांच्या अभ्यासातून असेही आढळले की नर जे पिलू वाहतो ते त्याचेच असते असे नाही. तान्ह्या पोराला मध्यस्थ करून भांडण टाळण्याची ही रीत मनुष्यवस्तीतही अगदीच अपरिचित नसावी.

हिंस्र पशूंचा इतिहास मात्र खेदजनक आहे. अ‍ॅटलासमध्ये सिंह होते. रोमन साम्राज्याच्या आखाड्यांकडे उत्तर आफ्रिकेतून सिंह पाठविले जात. मोरोक्कोतील शेवटच्या ज्ञात सिंहाची शिकार १९४२ साली उंच अ‍ॅटलासमध्ये झाली. अस्वल त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात नाहीसे झाले. बिबट्याही आता जवळजवळ नाहीच. उरला तो कोल्ह्यासारखा दिसणारा एक प्राणी. त्याला शेकडो वर्षे सोनेरी कोल्हा समजत. २०१५ साली आनुवंशिक तपासणीतून तो निराळ्या जातीचा लांडगा असल्याचे प्रसिद्ध झाले. मोठे शिकारी गेल्यामुळे रानडुकरांना आता फारसा धाक उरलेला नाही. सायाळ येथेही आहे, आणि रात्रीच बाहेर पडते.

पक्ष्यांमध्ये लेव्हेलंटचा हिरवा सुतार पक्षी मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया सोडून अन्यत्र आढळत नाही. जुन्या, पोकळ देवदारांवर त्याची घरटी असतात, आणि त्याने सोडलेल्या ढोलीत इतर छोटे पक्षी संसार थाटतात. निळा-गुलाबी जे पक्षी ओकची फळे जमिनीत पुरून ठेवतो व काही विसरतो, विसरलेली रुजतात. चुनखडकाच्या खळग्यांत जी तळी साचतात त्यांवर एक ओळखीचा पाहुणा दिसेल, तो म्हणजे चक्रवाक. संस्कृत व मराठी काव्यांतील विरही जोडपे हेच. महाराष्ट्रात जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात येणारे चक्रवाक मध्य आशियाकडून येतात. अ‍ॅटलासमधील चक्रवाक तिकडचेच रहिवासी असून तेथेच अंडी घालतात. जात एक, पण वस्त्या वेगळ्या. इफ्रानजवळील आउआ या तळ्याची सहल एके काळी फार प्रसिद्ध होती. अलीकडील अवर्षणाच्या वर्षांत, आणि भोवतालच्या बागायतीसाठी होणाऱ्या उपशामुळे, ते तळे कोरडे पडले व त्याच्या तळाशी भेगाळलेली माती दिसू लागली.

येथे या अरण्याचा मुख्य प्रश्न समोर येतो. गेल्या काही दशकांत देवदार शेंड्याकडून वाळू लागले. वनाधिकाऱ्यांना खोडांवर व फांद्यांवर साल सोललेली दिसली. सोलणारा कोण, हे शोधावयास लांब जावे लागले नाही : माकडे उन्हाळ्यात देवदाराची साल ओढून काढतात आणि आतला ओलसर, गोडसर थर चाटतात व खातात. साल गेली की त्यावरचा शेंडा वाळतो. गुन्हा उघड, गुन्हेगारही उघड. माकडांची संख्या वाढली म्हणून वन मरते, ती कमी करावीत, असे म्हणणारे लोक निघाले. ऊस, भुईमूग व कौलारू छपरे यांपायी माकडांशी रोजचे वैर असलेल्या खेड्यांतील मुलांना ही तक्रार चटकन पटेल. शिक्षकांनी तिला तेथेच थांबवून पुढचा प्रश्न विचारावा : माकडे आणि देवदार हजारो वर्षे एकत्र राहत आली, मग सालीचा हा सोस आताच का वाढला?

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वनाच्या निरनिराळ्या भागांतील सोललेली झाडे मोजण्यात आली आणि त्यांची तुलना माकडांची संख्या, झाडांची दाटी व पाण्याची उपलब्धता यांच्याशी करण्यात आली. माकडे जास्त तेथे साल जास्त सोललेली, असे आढळले नाही. जेथे पाणी दुर्मिळ होते, किंवा पाणी असूनही ते माकडांच्या आवाक्याबाहेर गेले होते, तेथे साल अधिक सोललेली आढळली. झऱ्यांच्या जागी मेंढपाळांनी बांधलेल्या विहिरी व कुंड्या आल्या. त्यांत तोंड घालणे माकडाला साधत नाही, शिवाय पाण्यापाशी माणसे व कुत्री असतात. इतर काही अभ्यासकांच्या मते तहानेपेक्षा आहारातील उणीव भरून काढणे हा सालीचा उपयोग असावा. कारण खालचे गवत व झुडपे चरून संपल्यामुळे माकडांचा नेहमीचा आहार उरलेला नसतो. वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. परंतु दोन्ही स्पष्टीकरणे अखेर एकाच ठिकाणी येऊन थांबतात, ते म्हणजे उन्हाळ्यात जमिनीवर पाणी व हिरवा चारा न उरणे.

तो का उरत नाही, याची कारणे पुष्कळ आहेत. १९८० नंतर मोरोक्कोत कोरड्या वर्षांचे सत्र वारंवार आले, हिमवर्षाव घटला. थकलेल्या झाडांवर किडी व बुरशी यांचे फावते. मेंढ्या-शेळ्यांचे कळप वनात पूर्वीपेक्षा अधिक काळ राहतात आणि रोप वर येण्याआधीच खाल्ले जाते. बर्फ पडले की जनावरांना चारा म्हणून हिरव्या फांद्या तोडल्या जातात. सरपणाची गरज वेगळी आणि चोरटी लाकूडतोड वेगळी. अशा वेळी ‘शेळी हाच गुन्हेगार’ असा नवा निकाल देण्याचा मोह होतो, तोही आवरावा. येथील अमाझिघ पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगरावर व हिवाळ्यात खालच्या मैदानात जात असत. दख्खनमधील धनगरांची कोकणवारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही चाल समजावून सांगावी लागणार नाही. पण खालची मैदाने नांगराखाली आली, हिवाळी कुरणे नाहीशी झाली, आणि कळपांना वर्षभर वरच थांबणे भाग पडले. फ्रेंच अमलात १० ऑक्टोबर १९१७ च्या कायद्याने वने सरकारी झाली. चराई व सरपण यांचे हक्क लोकांकडे राहिले, पण वनाचे धनी ते राहिले नाहीत. जे आपले नाही त्याची राखण कोणी व का करावी, हा प्रश्न तेव्हापासून त्या डोंगरावर आहे.

माकडांवर आणखी एक संकट आहे. त्यांची पिले पकडून युरोपात पाळीव प्राणी म्हणून चोरून विकली जातात. टोळीतून एक पिलू काढले म्हणजे भांडणे मिटविणारा एक दुवाही काढला जातो, हे वरील वर्णनावरून ध्यानात येईल. २००८ साली ही जात संकटग्रस्त ठरविण्यात आली, आणि २०१६ साली वन्य जीवांच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात तिला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत स्थान मिळाले. इफ्रान राष्ट्रीय उद्यान २००४ साली स्थापन झाले. रस्त्याकडेला मात्र प्रवासी अजूनही मोटारी थांबवून माकडांना शेंगदाणे व पाव खाऊ घालतात. ती माकडे लठ्ठ होतात, रोगांना बळी पडतात आणि मोटारींखाली सापडतात. अझ्रूजवळ फ्रेंच सेनापती गूरो याच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रचंड देवदार आहे. आठशे वर्षांहून अधिक वय सांगितला जाणारा हा वृक्ष आता वाळून उभा आहे. त्याच्याभोवती दुकाने आहेत, घोडी भाड्याने मिळतात, आणि खाऊच्या आशेने माकडे बसलेली असतात.

हा पाठ दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेत नकाशा, ऋतू व देवदार; दुसरीत माकड आणि सालीचा वाद. वाद शिकविताना वर्गाचे चार गट करून एकाला माकडाची, दुसऱ्याला मेंढपाळाची, तिसऱ्याला वनरक्षकाची व चौथ्याला खालच्या मैदानातील शेतकऱ्याची बाजू मांडावयास सांगावे. निकाल मात्र लावू नये. ज्या गावात माकडांच्या टोळ्या येतात तेथे विद्यार्थ्यांनी आठ दिवस, सुरक्षित अंतरावरून व त्यांना खाऊ न घालता, एक वही भरावी. वहीत पाच रकाने असावेत : दिनांक, वेळ, टोळीतील पिलांची संख्या, पिलू कोणाच्या अंगाला बिलगलेले होते, आणि टोळी पाणी कोठे प्याली. चौथ्या रकान्यात ‘नर’ हा शब्द किती वेळा येतो, ते आठव्या दिवशी मोजावे व अ‍ॅटलासच्या माकडाशी ताडून पाहावे. पाचव्या रकान्यातील जागा गावाच्या नकाशावर खुणेने दाखवाव्यात.